सप्तपदीची कॅसेट

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारगल्लीत, वरच्या मजल्यावर मार्तंडचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. लग्नांची शूटिंग त्यावर घ्यायची, कापायची, जोडायची, गाणी टाकायची, आणि मग सगळं परत व्हिडिओ कॅसेटवर भरायचं, हे काम मंजुषाचं. शहरात सीडी निघाल्या होत्या. पण आमच्याकडच्या लोकांनी मोठ्या हौसेनं घेतलेले व्हीसीआर अजून ठणठणीत होते, त्यामुळे 'ते सीडीबिडी नको, कॅसेट द्या, टीव्हीवर दिसली पाहिजे,' असं प्रत्येक गिऱ्हाईक बजावून जायचं.

कॅसेट भरणं म्हणजे बसून राहण्याचं काम. तीन तासांचं लग्न भरायला तीनच तास लागायचे, त्यात घाई नाही. व्हीसीआरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, कॉम्प्युटरवर लग्न सुरू करायचं, शेजारी टीव्ही लावून ठेवायचा आणि हात मांडीवर घ्यायचे. माऊसला नुसता धक्का लागला तरी त्याचा बाण कॅसेटवर उमटायचा. एकदा एका नवरीच्या कपाळावर तो पाच मिनिटं फिरत राहिला आणि तिच्या सासूनं येऊन मार्तंडची अब्रू काढली. तेव्हापासून मंजुषा कॅसेट भरताना खुर्ची टेबलापासून हातभर लांब ओढून बसायची.

मे महिन्यात साखरा गावच्या संतरामच्या पोरीचं लग्न आलं. शूटिंगला मार्तंड स्वतः गेला होता. परत आल्यावर त्यानं कॅमेऱ्यातल्या दोन छोट्या कॅसेटी टेबलावर ठेवल्या, 'जरा चांगलं कर, पार्टी दिलदार हाय,' म्हणाला आणि जेवायला गेला. मंजुषानं कॅमेरा जोडला. हळद झाली, बायका नाचल्या, वरात आली. नवरदेव जीपमधून उतरला, मुंडावळ्या बाजूला सारून त्यानं ऐटीत कॅमेऱ्याकडं बघितलं.

तो मंजुषाचा नवरा होता.

तिनं चित्र थांबवलं. मागं घेतलं, परत बघितलं. भागवतच. तोच डाव्या भुवईवरचा व्रण, तीच हसताना एका बाजूला जाणारी जिवणी. वारंगा फाट्याला टायरचं दुकान असलेला, कोर्टातल्या मुन्शीबरोबर पत्ते खेळणारा आणि मुन्शीच्या संगतीनं स्वतःला अर्धा वकील समजणारा भागवत. चार वर्षांपूर्वी त्यानं मंजुषाला माहेरी आणून सोडली होती. 'आईला भेटून घे, आठ दिवसांनी न्यायला येतो,' असं सांगून गेला तो गेलाच. मूल होत नाही म्हणून सोडली, हे तिला त्याच्या चुलतीकडून कळलं. पुढं आई वारली, घर भावकीत गेलं आणि मंजुषा गोरेगावला मावशीच्या आसऱ्याला आली. हिंगोलीला जाऊन कॉम्प्युटर शिकली. भागवतला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्यानं कधी विचारलंच नाही.

मंजुषा रडली नाही. रडायचं होतं ते चार वर्षांत रडून झालं होतं. आता नुसता राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यात एक समाधानही होतं. चार वर्षं तिच्या रागाला धरायला काही सापडत नव्हतं. आता सापडलं होतं. पहिली बायको जिवंत, फारकत नाही, कागद नाही, आणि गडी दुसऱ्यांदा बोहल्यावर. ह्याला तुरुंगात घालायचा, फाट्यावरच्या लोकांदेखत पोलिसांच्या गाडीत बसलेला बघायचा, एवढं एकच तिनं त्या खुर्चीत बसून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती हिंगोलीला एका वकीलबाईंकडं गेली. बाई जुन्या, अनुभवी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कॅसेटमध्ये सप्तपदी आहे का?" त्यांनी विचारलं.

"सगळं लग्नच हाय की."

"सगळं नको. होमासमोर सात पावलं चाललेली दिसतात का, ते सांग. दुसरं लग्न केलं म्हणून शिक्षा व्हायला ते लग्न विधीनं पुरं झालेलं दाखवावं लागतं. सातवं पाऊल पडलं की पुरं. नुसते हार घातले, अक्षता टाकल्या, जेवणावळी झाल्या, एवढ्यावर पुष्कळजण सुटलेत. बघून ये. आणि असली तर मूळ कॅसेट जपून ठेव."

मंजुषा परत आली आणि दोन्ही कॅसेटी डोळ्यांत तेल घालून बघितल्या. मंगलाष्टकं झाली. होमाची तयारी होती, पाटासमोर तांदळाच्या सात राशी मांडलेल्या होत्या, मार्तंडनं लाइटसुद्धा तिकडं वळवला होता. तेवढ्यात भागवत गुरुजींच्या कानाशी वाकला. पण कॅमेरा दोन हातांवर होता आणि कॅमेऱ्याला कान असतात, हे टायरवाल्याला कुठून ठाऊक असणार.

"फेऱ्याचं राहू द्या गुरुजी. तुमाला पुढलं लगीन हाय, उशीर होऊन राहिला."

दाट तिथ होती, गुरुजींना खरोखरच त्या दिवशी तीन लग्नं होती. त्यांनी सुटल्यासारखी मान डोलावली आणि पळी ताम्हणात ठेवून दिली. भागवतच्या मागं तो मुन्शी उभा होता, पान चघळत, गालातल्या गालात हसत. पुढच्या मिनिटाला पंगत सुरू झाली.

मंजुषानं तो तुकडा सहा वेळा ऐकला. म्हणजे हे सगळं ठरवून होतं. उद्या पहिलीनं केस केलीच तर 'कुठं लग्न केलं? फेरे दाखवा,' म्हणायला हा मोकळा. एकीला टाकली, दुसरीला लग्नाविनाच घरात नेली आणि दोन्हीकडून हात झटकून ठेवले. त्याच्या त्या हुशारीचा मंजुषाला लग्नापेक्षाही जास्त राग आला. तिला वाटलं, ज्या फेऱ्यांतून हा निसटला तेच फेरे ह्याला घालायला लावते, आणि तेही त्याच्याच सासऱ्याच्या हातून.

आणि ते कसं करायचं, हे कॅसेट भरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ती प्रत्येक विधीच्या आधी नावाची पाटी टाकायची. काळ्यावर पिवळी अक्षरं, कारण लाल अक्षरं टीव्हीवर फुटतात. आणि पडद्याच्या बरोबर मधोमध, कारण कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या चित्राच्या कडा टीव्ही खाऊन टाकतो. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सगळ्यांच्या पाट्या झाल्या. मग तिनं 'सप्तपदी' अशी मोठी थोरली पाटी केली, पंधरा सेकंद ठेवली, खाली सनई लावली आणि पाटी संपली की लगेच बुंदी वाढणारा वाढपी आणून सोडला. भागवतचा आणि गुरुजींचा तो तुकडा मात्र कॅसेटमधून काढून टाकला. तो तिला वेगळा हवा होता.

दिवसा बारा ते चारच लाइट असायची. त्या वेळात तिनं कॅसेट भरायला घेतली. मार्तंड पुढं दुकानात आडवा झाला होता. मंजुषा खुर्ची लांब ओढून, हात मांडीवर घेऊन बसली आणि तीन तास आपल्या नवऱ्याचं लग्न टीव्हीवर बघत राहिली. थांबवता येत नव्हतं आणि पुढंही ढकलता येत नव्हतं. भागवतनं मंगळसूत्र बांधताना नवरीच्या मानेवरचे केस हळूच बाजूला केले. मंजुषाच्या वेळी त्यानं मंगळसूत्राचा फासा केसांसकट बसवला होता आणि दोन दिवस तिची मान दुखली होती. ती मनातल्या मनात त्याला शिव्या देत होती, अगदी शेलक्या, मावशीनं ऐकल्या असत्या तर कानावर हात ठेवले असते. नवरीकडं तिनं फारसं बघितलं नाही. एकोणीस-वीस वर्षांची गोरीशी पोरगी, नाव प्रतिक्षा, एवढं पाटीवर टाकण्यापुरतं तिला ठाऊक होतं.

कॅसेट साखऱ्याला गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी संतराम आणि त्याची बायको शालूबाई स्टुडिओत हजर. संतराम तापट माणूस, जिना चढतानाच बोलायला लागला.

"मार्तंडराव, काय चेष्टा लावली का? सप्तपदी म्हनून लिवलं अन् तिथं बुंदी?"

"सारे पाव्हणे टीव्हीपुढं बसले होते," शालूबाई म्हणाली. "माझी नणंद म्हंती, वैनी, तुमच्यात फेरे जेवता जेवता करतात का? मला तोंड वर करून बोलायची सोय ऱ्हायली न्हाई."

मार्तंडनं तोवर ती कॅसेट बघितलेलीच नव्हती. तो मागच्या खोलीकडं बघून ओरडणार होता, पण त्याला आठवलं. "संतरामभाऊ, फेरे झालेच न्हाईत. मी लाइट लावून उभा होतो. नवरदेवच म्हनले राहू द्या."

"नवरदेव म्हनले?"

"तुमी पाव्हण्यांत होते. गुरुजींना घाई होती."

संतरामला त्या गर्दीत काही दिसलं नव्हतं, आणि पोरीच्या बापाला दिसलं नाही ही गोष्ट आता टीव्हीवरून सगळ्या पाहुण्यांना कळली होती. तेवढ्यात मंजुषा पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. मार्तंडकडं कामाला असलेली बाई, यापलीकडं त्या दोघांनी तिच्याकडं बघितलं नाही.

"काका, मी बोलू का?" ती म्हणाली. "राहिलेत तर आता करून घ्या की. गुरुजींना बलवायचं, होम पेटवायचा, सात पावलं टाकायची. आपन शूटिंग करून मधी जोडून देऊ. तोच शालू, तोच फेटा घातला तर टीव्हीवर कोनाला पत्ता लागत न्हाई."

शालूबाईचा चेहरा उजळला. "व्हय की. पोरगी मांडवपरतणीला आलेलीच हाय. बुधवारी जावई न्यायला येऊन राहिले. तवाच करू."

संतरामनं तिथूनच, मार्तंडच्या फोनवरून, फाट्याला फोन लावला. मंजुषा पेले विसळायच्या निमित्तानं दारात थांबली. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण तिला ऐकायची गरजही नव्हती.

"जावईबापू, फेऱ्याचं राहून गेलं म्हंते मंडळी... न्हाई न्हाई, कॅसेटसाठी म्हनून न्हाई... काहून? काय गरज म्हंजे?" संतरामचा आवाज चढला. "तुमची पयली बायको होती, तेची फारकत झाली म्हनून तुमी सांगितलं, आमी इश्वास ठेवला. अन् सात पावलं टाकायला तुमाला तकलीफ? ... हे बघा. फेरे झाल्याबिगर पोरगी घराबाहेर पाय ठेवनार न्हाई. बुधवारी फेटा बांधून या."

फोन ठेवून संतरामनं पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. मंजुषा मागच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि पदराचा बोळा तोंडात धरून हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली होती.

मंगळवारी तिनं मार्तंडला पाच गोष्टी बजावल्या. होम, नवरा आणि नवरी तिन्ही एका चौकटीत घ्या. पहिल्या पावलापासून सातव्यापर्यंत कॅमेरा बंद करू नका. कॅमेऱ्यावरची तारीख चालू ठेवा. गुरुजी गोत्र-नावं घेतील ते नीट ऐकू आलं पाहिजे, आणि सभोवती बसलेल्यांवरून एकदा कॅमेरा फिरवा.

"तारीख काहून?" मार्तंडनं विचारलं. "मग जोडलेलं कळंल की."

"ते मी झाकते. तुमी घेऊन या."

मार्तंडनं बरोबर तसंच घेतलं. बुधवारी संध्याकाळी तिनं कॅमेरा जोडला. भागवत फेटा बांधून होमापुढं बसला होता, शेंगदाण्यात खवट दाणा लागल्यासारखं तोंड करून. मुन्शी या वेळी नव्हता. गुरुजींना आज दुसरं लग्न नव्हतं, त्यामुळे ते सावकाश, एकेक मंत्र घोळवत म्हणत होते. भागवत उठला. पहिल्या राशीवर पाय ठेवला, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्याला तो थबकला, इकडंतिकडं बघितलं, आणि संतरामनं मागून 'चला जावईबापू' म्हटल्यावर पुढं सरकला. सातव्या राशीवर त्याचा अंगठा टेकला तेव्हा मंजुषानं चित्र थांबवलं आणि तो थांबलेला अंगठा कितीतरी वेळ बघत बसली. चार वर्षांत तिनं जे काही सोसलं होतं त्याची भरपाई तिला त्या अंगठ्यात दिसत होती.

मूळ कॅसेट तिनं मावशीच्या पेटीत ठेवली. नव्या कॅसेटीसाठी तिनं दुसरा व्हीसीआर जोडला, म्हणजे एका वेळी दोन भरतील. एक साखऱ्याची आणि एक वकीलबाईंची, आणि त्यांच्या कॅसेटीच्या सुरुवातीला तो गुरुजींच्या कानातला तुकडा आधीच भरून ठेवला.

गुरुवार बाजाराचा दिवस. फेरे झाले तरी वार बरा नाही म्हणून पोरगी शुक्रवारी जाणार होती, आणि भागवत तिथंच सासुरवाडीत मुक्कामाला होता. शालूबाई पोरीला घेऊन कॅसेट न्यायला आली. भरायचं अजून अर्ध्या तासाचं बाकी होतं. 'तू बस, मी बांगड्या बघून येते,' म्हणून शालूबाई खाली गेली, मार्तंड गिऱ्हाइकाचा फोटो काढत होता, आणि प्रतिक्षा मागच्या खोलीत मंजुषाच्या शेजारी स्टुलावर येऊन बसली.

टीव्हीवर फेरे चालले होते. प्रतिक्षा ओठ हलवत पावलं मोजत होती. सात झाल्यावर तिनं श्वास सोडला.

"तुमच्यामुळं झालं, ताई," ती म्हणाली. "आई सांगत होती, त्या बाईनंच सुचवलं म्हनून. तेंचं पयलं लगीन झालेलं ना, माझ्या मनात सारखी धाकधूक होती. आता मला तिथून कोनी काढू शकत न्हाई."

पोरीनं मंजुषाच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांकडं, कपाळाच्या टिकलीकडं बघितलं आणि कुठलीही बाई दुसरीला विचारते ते विचारलं.

"तुमचं सासर कोन्तं?"

तीन आठवडे मंजुषानं कोर्टात भागवतला काय काय ऐकवायचं याची तयारी केली होती. ह्या प्रश्नाची केली नव्हती. खोटं सांगता आलं असतं. पण तिला ते सांगायचं होतं. कुणाला तरी, कधीचं, मोठ्यानं.

"वारंगा फाटा."

"माझंबी तेच. कोनाच्या घरी?"

"टायरच्या दुकानामागं. उद्या तू जानार हाय, तेच घर." मंजुषा टीव्हीकडं बघूनच बोलली. "माझी फारकत झालेली न्हाई. मी कोन्त्याच कागदावर सही केलेली न्हाई. मी तेची बायको हाय, कायद्यानं आजबी मीच हाय."

टीव्हीवर बुंदी वाढणं सुरू झालं. प्रतिक्षा रडेल, आईला हाक मारेल, निदान खोटं बोलता म्हणेल, असं मंजुषाला वाटलं. पोरगी यातलं काही करेना. ती हिशेब लावत होती.

"तुमाला हे कवा कळलं?"

"तुझी वरात ह्या कॉम्प्युटरवर बघितली तवा."

"म्हंजे फेऱ्याच्या आदी."

"व्हय."

"फेरे तर तुमीच करायला लावले."

"व्हय." मंजुषानं आता तिच्याकडं बघितलं. "तेनं मुद्दाम टाळले होते. फेरे न्हाईत तर लगीन न्हाई, मग तेच्यावर केस टिकत न्हाई. तेला तुरुंगात घालायला मला सात पावलं पायजे होती."

"तेची पायजे होती," प्रतिक्षा म्हणाली. "माझी काहून घेतली?"

भागवतनं आधीच तुला फसवलं होतं, हे मंजुषाला सांगायचं होतं. तू वाचलीस, हेही. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशी साखऱ्याला एक फोन केला असता तर ही पोरगी बापाच्या घरी परत आली असती, टाकलेली नाही, फसता फसता सुटलेली म्हणून. तो फोन करायचं मंजुषाच्या मनातच आलं नव्हतं. आलं असतं तरी तिनं केला नसता, कारण मग फेरे झाले नसते. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि समोरच्या पोरीलाही ते दिसत होतं.

जिन्यावर शालूबाईची पावलं वाजली. दोन्ही हातांत कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या घेऊन ती आत आली. "झाली का गं कॅसेट? जीप थांबली हाय. तुजे बाबा अन् जावई खोळंबले असतील जेवायचे."

पंगत संपली होती, पडदा काळा झाला होता. मंजुषानं दोन्ही व्हीसीआर बंद केले. दोन्ही कॅसेटी बाहेर आल्या, गरम. प्रतिक्षा उठली आणि तिनं हात पुढं केला.

"साखऱ्याची कोन्ती?" तिनं विचारलं.

मंजुषानं डावीकडची दिली. पोरीनं ती छातीशी धरली, आईला म्हणाली, "चल, बाबांना कॅसेट बघायची हाय. सगळ्यांसंगं बघायची, अन् तेंच्यादेखत मला बाबांना एक सांगायचं हाय," आणि मंजुषाकडं न बघता जिना उतरली.

मंजुषानं उजवीकडची पिशवीत टाकली आणि साडेतीनच्या जीपनं हिंगोलीला गेली. वकीलबाईंनी सातव्या पावलाला समाधानानं मान हलवली. "सुटत नाही आता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चित्र थोडं मागं घेतलं आणि पडद्यावरच्या नवरीकडं बोट दाखवून विचारलं, "ही मुलगी आपल्या बाजूनं साक्ष देईल का?"

"देईल," मंजुषा म्हणाली. "तेच्या विरोधात देईल. आपल्या बाजूनं न्हाई."